जिना काढा

२ फेब्रुवारी

नवी वही, नवी जागा. आजपासून माझी कचेरी म्हणजे जुन्या वस्तीतल्या चौदा नंबरच्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली, एक टेबल आणि साडेतीन पायांची एक खुर्ची. वस्तीच्या दुरुस्तीचं काम अखेर सुरू होतंय आणि पहिला मान चौदा नंबरचा. सात बिऱ्हाडं, मागच्या चौकात एक नळ, दोन संडास आणि सकाळी त्यांच्यापुढे रांग. आता पाणी घराघरात जायचं, संडास मजल्यामजल्यावर यायचे, खोल्यांत वारा-उजेड खेळायचा, आणि एवढं सगळं करून घराच्या जुनेपणाला धक्का लागू द्यायचा नाही. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. न पाडता दुरुस्त करून पाहा म्हणावं एकदा.

माझं काम सगळ्यात आधीचं. जे जे आहे ते काढायचं. कागदावर, अर्थात. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची दारं, खिडक्या, कोनाडे काढत आलोय. आमचे साहेब चिठ्ठ्यांवर 'आरेखन करावे' असं लिहितात. मी सरळ 'काढा' लिहितो. आरेखन कचेरीत होतं, जगात माणसं चित्र काढतात.

आणखी एक सोय म्हणजे तिसऱ्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते. दुपारच्या जेवणाची चिंता मिटली.

५ फेब्रुवारी

ताईनं पहिली चूक काढली. मी मोजणीबाईंसाठी (माझ्या सहकारी, फीत धरायच्या, आकडे लिहायच्या आणि कच्ची चित्रं काढायच्या कामाला) दारावर चिठ्ठी लावली होती, 'खिडकी क्र. ३ काढा'. ताई भाजी घेऊन वर जात होती, ती थांबली. ताई छापखान्यांची प्रूफं तपासते. तीस वर्षांत तिच्या नजरेतून अनुस्वार सुटलेला नाही. मला आलेलं बढतीचं पत्रसुद्धा तिनं लाल शाईनं दुरुस्त करून परत दिलं होतं. ती म्हणाली, इथे उद्या सुतार येणार. त्याच्या भाषेत काढा म्हणजे उचकटा. त्यात 'चित्र' हा शब्द घाल.

मी म्हटलं, संदर्भानं अर्थ कळतो. ती म्हणाली, "संदर्भ चिठ्ठीवर नसतो रे बाळ्या, तो तुझ्या डोक्यात असतो." बावन्नाव्या वर्षी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाळ्या.

९ फेब्रुवारी

आज जिन्याची पहिली पाहणी. काय जिना आहे! अख्खी वस्ती पालथी घातली तरी असा सापडणार नाही. एकोणचाळीस पायऱ्या, एका दमात वळत वळत वर जाणाऱ्या, जुन्या सागाच्या, मध्ये झिजून पन्हळीसारख्या झालेल्या. एकेक पायरी वीतभराहून जास्त उंच आणि इतकी अरुंद की पाऊल आडवं ठेवावं लागतं. धरायला वरून सोडलेला दोर आणि खाली कोरीव कठडा. चढताना गुडघा हनुवटीला लागतो, पण कारागिरी पाहिली की गुडघ्याचं भान राहत नाही. या इमारतीत बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा जिना वाचला पाहिजे. साहेबांनाही तसं लिहून दिलं.

वर पोचल्यावर भाऊजींनी विचारलं, काय मेहुणे, धाप लागली का. मी म्हटलं, छे. पाच मिनिटांनी म्हटलं.

भाऊजी पोस्टमन होते. या वस्तीतलं एकेक दार त्यांनी पस्तीस वर्षं वाजवलंय. गेल्याच्या गेल्या वर्षी याच जिन्यावरून पडले, खुबा मोडला. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं आणि तसंच वर आणलं. तेव्हापासून चौदा महिने ते खाली उतरलेले नाहीत. म्हणतात, चौघांच्या खांद्यावरून आता एकदाच उतरायचं. मोठे विनोदी गृहस्थ. खिडकीत बसून मजेत असतात. मला विचारत होते की कोपऱ्यावरच्या निळ्या दाराला नवा रंग दिला का, चष्मेवाल्याची आई कशी आहे, गल्लीतल्या पिंपळाला कट्टा बांधणार होते त्याचं काय झालं. मी म्हटलं, पाहून सांगतो. विसरलो.

११ फेब्रुवारी

आज ताईनं बाँब टाकला. जेवताना शांतपणे म्हणाली की त्या दोघांनी घर पाहून ठेवलंय. म्हणजे तिनं पाहिलं, त्यांना वर्णन सांगितलं. नव्या वसाहतीत, लिफ्टची इमारत, महिनाअखेर हो-नाही कळवायचं आहे. इमारत कुठली, तर माझीच. माझ्या खालचा मजला.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. एक बिऱ्हाड हललं की बाकीची हलतात, आणि निम्म्याहून जास्त घरं रिकामी झाली की इमारत दुरुस्तीच्या यादीतून कायमची जाते, असा नियम आहे. मग चौदा नंबर पडणार, जिना सरपणात जाणार. मी तिला पाऊण तास समजावलं. जुनी घरं म्हणजे काय, वारसा म्हणजे काय, जाड भिंतींत विजेशिवाय गारवा कसा राहतो, मोडून नवं बांधण्यात किती विटा, किती सिमेंट, किती पाणी फुकट जातं. ती प्रूफ वाचावं तसं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सगळं पटलं. मग तू का नाही राहत इथे?"

मी म्हटलं, मला तिकडून कचेरी जवळ पडते. ती म्हणाली, तुझी कचेरी आमच्या तळमजल्यावर आहे.

यानंतर मी आमटीचं कौतुक केलं.

१२ फेब्रुवारी

सुतार आले. पिकलेल्या मिशा, कानावर पेन्सिल. प्रत्येक मापाआधी 'अंदाजे' म्हणतात आणि मग फीत लावून पाहावं तर सूतभरही फरक नसतो. मोजणीबाईंनी दुपारपर्यंत त्यांचं नाव अंदाजेमिस्त्री ठेवलं. मी त्यांना जिना दाखवला आणि बजावलं की याला हात लावायचा नाही. त्यांनी एकेक पायरी बोटानं वाजवली, मग मान डोलावली. चांगला आहे म्हणाले. मग विचारलं, "पण यावरून कोण उतरतं?"

मी म्हटलं, सगळेच. ते म्हणाले, सगळे नाही. आणि मागच्या चौकात निघून गेले.

१४ फेब्रुवारी

जेवायला वर गेलो तर वेगळाच खेळ चाललेला. भाऊजी दाराची चौकट धरून उभे, समोर ताईच्या प्रुफांच्या गठ्ठ्यांची चळत, आणि अंदाजेमिस्त्री शेजारी उकिडवे बसलेले. भाऊजी चळतीवर पाऊल ठेवत, मिस्त्री एक गठ्ठा वाढवत. तीन गठ्ठ्यांपर्यंत पाऊल गेलं, चौथ्याला नाही. मिस्त्रींनी काठी उभी लावून तीन गठ्ठ्यांवर खूण केली आणि कानावर पेन्सिल परत ठेवली. भाऊजींना व्यायाम मिळतोय, चांगलंच आहे. पण एवढ्या गुणी सुतारानं कामाच्या वेळात असे खेळ खेळावेत हे काही मला आवडलं नाही. बोललो मात्र नाही, कारण ताईनं पान वाढलं होतं.

१६ फेब्रुवारी

मागच्या चौकातली अडगळ हलवली. मोडक्या खाटा, पत्रे, कोणाची तरी सायकल. माझ्या नकाशात तिच्यामागच्या भिंतीच्या जागी मी 'अडगळ' एवढंच लिहिलंय, आता रिकामी झाली तर पुन्हा काढावी लागणार. पण मिस्त्रींनी लगेच तिथेच परांची बांधली, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. नुसती परांची नाही, तिला फळ्यांच्या पायऱ्या, चांगल्या रुंद, अगदी बुटक्या बुटक्या, दर दहा पायऱ्यांनंतर थांबायला जागा आणि दोन्ही बाजूंना रंधा मारून गुळगुळीत केलेला कठडा. मी विचारलं, परांचीला एवढा थाट कशाला? म्हणाले, मला उंचावर चक्कर येते.

चाळीस वर्षं छपरांवर काम केलेल्या माणसाला चक्कर. वय कोणाला चुकलंय.

१८ फेब्रुवारी

घरी पडून आहे. सर्दी, ताप, अंग ठणकतंय. त्यात साहेबांचा निरोप की सोमवारी समिती पाहणीला येणार, जिन्याचा नकाशा तयार हवा. संध्याकाळी ताई आल्याचा, तुळशीचा काढा घेऊन आली, लिफ्टनं. लिफ्टमधल्या आरशाला नावं ठेवली. मी काढा प्यायलो आणि मोजणीबाईंसाठी 'काढा' लिहून दिला:

'जिना काढा. सर्व पायऱ्या, क्रमांक घालून, एकही न वगळता. उद्या संध्याकाळपर्यंत पूर्ण व्हावा.'

ताईनं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाली, 'चित्र' घालतोस का? मी म्हटलं, ताप आहे ग, कशाला छळतेस. तिनं पिशवीतून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाली, बरं, जशी तुझी इच्छा. खाली सही कर आणि तारीख घाल.

ताईला कामात कागदोपत्री एवढी शिस्त लागते हे मला माहीत नव्हतं. केली सही.

२० फेब्रुवारी

जिना नाही.

पुन्हा लिहितो. सकाळी दहाला चौदा नंबरमध्ये शिरलो, डावीकडे वळलो, पाय उचलला आणि तिथे जिना नाही. तळापासून छपरापर्यंत मोकळी उभी पोकळी, वरून उजेडाचा झोत पडलेला, आणि त्यात वारा असा वाहतोय की माझी टोपी उडाली. भिंतीला लागून एकोणचाळीस पायऱ्या जुन्या प्रुफांत गुंडाळून रचलेल्या. प्रत्येकीवर लाल शाईत सुबक आकडा. सुतारानं लाल शाई कुठून पैदा केली कोण जाणे.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "नकाशेसाहेब, सही तुमची आहे. एकही न वगळता, असं लिहिलंय. नाही वगळली."

ताईला जाब विचारला. तिचं म्हणणं, मोजणीबाई खाली दिसल्या नाहीत, मिस्त्री दिसले, त्यांना दिली. मोजणीबाईंना विचारलं तर त्या दिवसभर तिसऱ्या मजल्यावर ताईकडे चहाला बसलेल्या. योग तरी कसे जुळून येतात! तरी नशीब की परांचीला पायऱ्या आधीच केलेल्या होत्या, नाहीतर सात बिऱ्हाडं लटकली असती.

ताईची चूक झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण नजर कधीतरी दगा देतेच. मी तिला फार बोललो नाही. सोमवारी समिती येणार. माझी सत्तावीस वर्षं पाण्यात.

२१ फेब्रुवारी

काल एवढं लिहिलं आणि आज सगळंच निराळं झालं.

सुट्टीचा दिवस, पण राहवेना म्हणून सकाळी चौदा नंबरला गेलो. पायऱ्या परत बसवता येतील का ते पाहावं म्हणून चौकात उभा होतो. वर गॅलरीत हालचाल दिसली. भाऊजी. अंगात जुना खाकी सदरा, एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. मागे ताई, एक पायरी वर. पुढे मिस्त्री, दोन पायऱ्या खाली, उलटे उतरत. एक पायरी, थांबणं, एक पायरी. पहिल्या टप्प्यावर भाऊजी टेकले, दुसऱ्यावर घाम पुसला. मी खालून त्यांच्या पायऱ्या मोजत राहिलो.

खाली जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांनी काठीनं फरशी दोनदा वाजवली आणि म्हणाले, "मेहुणे, निळ्या दाराचं तुम्ही सांगितलंच नाहीत. म्हटलं, आपणच पाहून यावं."

मग ते गल्लीत गेले. निळं दार आता पिवळं झालंय. त्यांनी ते वाजवलं, सवयीनं, दोन टकटक आणि एक. आतून आवाज आला, "आले, टपाल आलं का?" आणि मग एकदम शांतता, आणि मग धावत येणारी पावलं. पुढची दारं वाजवायची वेळच आली नाही, ती आपोआप उघडत गेली. चष्मेवाल्यानं खुर्ची आणली. पिंपळाला कट्टा झालाय, भाऊजी त्यावर तासभर बसले. माणसं येत होती, बोलत होती. मी एका दाराआड जाऊन रडलो. चांगला रडलो. तीन आठवडे मी रोज या माणसाकडे जेवत होतो आणि म्हणत होतो की ते मजेत असतात.

२३ फेब्रुवारी

समिती आली. साहेबांनी पोकळीत वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जिना कोणी काढला, असं विचारलं. मिस्त्री पुढे होऊ लागले, ताईनं चष्मा काढून हातात घेतला. त्या दोघांनी काही बोलायच्या आत मी म्हटलं, मी. माझी चिठ्ठी, माझी सही, माझा शब्द. बाकी कोणाचा दोष नाही.

साहेब काही बोलणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, जरा मागं येता का, एक दाखवायचंय. परांचीमागच्या भिंतीवर त्यांनी ओलं फडकं फिरवलं. चुन्याखालून खुणा उमटल्या. बुजवलेल्या चौकोनी खाचा, ओळीनं, तिरक्या, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. जुना जिना मुळात इथे होता. रुंद, बुटक्या पायऱ्यांचा. पुढे कधीतरी खोल्या वाढवायच्या म्हणून कोणीतरी तो मोडला आणि उजेडाच्या, वाऱ्याच्या पोकळीत तो वळणावळणाचा जिना कोंबला. मी ज्याला वारसा म्हणत होतो ती कोणाची तरी अडचणीतली तडजोड होती, सुंदर कोरलेली. आणि खरा वारसा माझ्या नकाशात 'अडगळ' या नावानं होता.

दोन खाचांमध्ये उंचीचं अंतर किती, असं समितीतल्या बाईंनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, अंदाजे प्रुफांचे तीन गठ्ठे.

निर्णय झाला. जिना मागच्या भिंतीवर, जुन्या खाचांत. दोन दोन अरुंद पायऱ्या जोडून एक रुंद, कमी पडेल तिथे या घराच्याच काढलेल्या तुळयांचं लाकूड. कोरीव कठडा जसाच्या तसा नव्या जिन्याला. पोकळीला तिचा उजेड-वारा परत, एका अंगानं पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ, आणि प्रत्येक मजल्याला तिथे संडास. साहेबांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आता ठेवलेलंच. ते म्हणाले, यापुढे 'आरेखन करावे' असं लिहीत जा.

२८ फेब्रुवारी

महिनाअखेर. ताईला विचारायचा धीर होईना, म्हणून आमटीचं कौतुक करत बसलो. शेवटी भाऊजीच म्हणाले, लिफ्टच्या इमारतीत टपालाचे डबे खाली एका ओळीत असतात. दार वाजवायची सोय नाही. आम्ही नाही म्हणून कळवलं.

ताई म्हणाली की तळमजल्यावरची मागची खोली रिकामी आहे, आणि तिला विचारलं तर तिथून माझी कचेरी फार जवळ पडेल. मी म्हटलं, विचार करतो.

१९ एप्रिल

महिन्याहून जास्त वही हातात नव्हती. सामान हलवताना ताईकडे राहिली ती राहिलीच. (हो, मागची खोली. पाणी घरात येतं, उजेड आहे, लिफ्ट नाही आणि तिची आठवणही येत नाही.) नवा जिना परवा पुरा झाला. पहिला उतरायचा मान कोणाचा, हे कोणी ठरवायची गरजच पडली नाही. इतर घरांतले लोकही येऊन पाहून जातात, आणि आपल्या भिंतीवर ओलं फडकं फिरवून बघतात.

आज ताईनं वही परत दिली. मी म्हटलं, वाचली नाहीस ना. ती म्हणाली, दुसऱ्याची दैनंदिनी कोण वाचतं. मग म्हणाली, अनुस्वार मात्र बरे देतोस.

उघडून पाहिली. अकरा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त. २० फेब्रुवारीच्या पानावर 'ताईची चूक झाली' या वाक्यावर लाल शाईची सरळ रेघ, आणि समासात तिच्या अक्षरात एकच शब्द: काढा.

बराच वेळ विचार केला, हिला नक्की काय हवंय. विचारायला वर जाणार होतो, पण मग पेन्सिलला टोक केलं. समासात मोकळी जागा होती, तिथे काढलं. मागची भिंत, तिच्यावर रुंद, बुटक्या पायऱ्या, एकही न वगळता. कोरीव कठडा. त्यावर हात ठेवून खाली उतरणारा एक माणूस, आणि त्याच्या मागे, एक पायरी वर, चष्मा लावलेली एक बाई.